डावरा, बैठा आणि आमचा वार्षिक आढावा

समस्त पंचक्रोशीतील गाडामालक, ऊस उत्पादक, निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि टपरीवर विनाकारण बसलेली तमाम मंडळी यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, ज्या सामन्यांत कुणी धावलं नाही, कुणी चेंडू फेकला नाही आणि कुणी तो झेललाही नाही, अशा एका संपूर्ण हंगामातील होतकरू खेळाडूंचा वार्षिक आढावा आज दुपारी दौंड मुक्कामी घेण्यात येणार आहे. आढाव्यास अध्यक्ष एक, वक्ता एक आणि श्रोते शून्य राहतील. हसण्याची सवय असलेल्यांनी कृपया बाहेर थांबावं.

ही घोषणा मी शिरूर सोडल्यावर, बाईकवर, हेल्मेटच्या आत, पूर्ण आवाजात केली. शेजारून चाललेल्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि गाडी पुढं काढली.

माझी ती सवयच आहे. शिरूरला माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, पण तालुका मला दुकानदार म्हणून ओळखत नाही. जत्रांच्या दिवसांत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर मांडवात बसून जो माणूस दिवसभर माईकवरून ओरडतो, कुणाचा गाडा, कुठल्या गावचा, किती सेकंदात आला हे सांगतो आणि मधल्या वेळात सरपंचापासून भेळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या टोप्या उडवतो, तो मी. निमोणे घ्या, न्हावरे घ्या, तळेगाव ढमढेरे घ्या, चेहऱ्यावरून मला कुणी ओळखणार नाही. पण चहा सांगितला की टपरीवाला मान वर करतो. आवाज ओळखीचा लागतो.

त्या रविवारी हेल्मेटात तोच आवाज घुमला. चांगला लागला होता. मला मात्र काही वाटलं नाही. ताई दिवाळीनंतर गेली, तेव्हापासून माझं असंच चाललं होतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की आपण आपलाच ओठ बोटानं दाबून बघतो आणि तो शेजाऱ्याचा असल्यासारखा लागतो ना, तसं. तेरावं झाल्यावर थोड्याच दिवसांत मी एका घाटावर बसलो. गाडामालकाच्या मिशीवरून एक जुनाच विनोद केला, आणि अख्खा घाट हसला. मी त्यांना हसवतोय हे मला दिसत होतं. रस्त्याच्या पलीकडं कुणाचं तरी लग्न चाललेलं दिसतं, तेवढंच.

बायकोला हे कळत असावं. निघताना तिनं डबा हातात दिला.

"तोंड चालवायलाच चाललाय, तर दाजींचंबी जरा चालवा," ती म्हणाली. "भाकरी चार आहेत. तुम्ही दोन खाऊन येऊ नका वाटेत."

दाजी म्हणजे ताईचे यजमान. दौंडला असतात. रेल्वेत गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून आयुष्यभर मागं जाणारे रूळ बघितलेला माणूस, त्यामुळे बोलणं कमी आणि आकडा पक्का. कुठली गाडी कुठं किती मिनिटं खोळंबली होती, हे ते आजही सांगतील, विचारलं तर. न विचारता काहीच सांगणार नाहीत. मी त्यांच्या अगदी उलटा. तरी आमचं जमलं, ते या न खेळल्या जाणाऱ्या खेळामुळे.

भाच्याला बंगळुरूला नोकरी लागली. जाताना त्यानं घरातल्या संगणकावर बापासाठी एक खेळ टाकून दिला. "बाबा, तुम्हाला आकडे आवडतात, घ्या." खेळ अमेरिकेतला, बेसबॉलचा. पण त्यातले खेळाडू खरे नव्हेत. संगणकानं जन्माला घातलेली माणसं ती, नावासकट, वयासकट, उजवं-डावं ठरवून. जगभरातल्या तीसेक हौशी लोकांनी एकेक संघ घेतलेला. आपण फक्त कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, एवढं ठरवायचं. सामने संगणक स्वतःशीच खेळतो आणि सकाळी निकाल लावतो. ही नसलेली माणसं म्हातारी होतात, त्यांचा खांदा दुखतो, काही निवृत्तही होतात. मला वाटतं निवृत्ती हा भागच दाजींना पहिल्यांदा आवडला असावा.

प्रत्येक मुख्य संघाच्या खाली पायऱ्या असतात. तिथं पोरं पिकत ठेवायची. आणि हंगाम संपला की प्रत्येक मालकानं आपल्या निवडक होतकरू पोरांचा आढावा लिहून लीगकडं पाठवायचा. कोण कसा खेळला आणि आता त्याचं काय करायचं: वर घ्यायचा, आहे तिथं ठेवायचा, की सोडून द्यायचा.

इथं माझी नेमणूक झाली. दाजी आकडे वाचायचे, मी त्यांना कपडे चढवायचो. संगणकानं दिलेली नावं आमच्या जिभेला झेपत नव्हती, म्हणून आम्ही सगळ्यांची नव्यानं बारशी केली. लांबटांग्या, घाईवाला, झोपाळू. आणि वयं आम्ही आमच्या हिशेबानं मांडली. आमच्या वडिलांनी उभा जन्म बैल पारखण्यात घालवला. बैलाचं वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात असले तर तो अदात, मग दोनदाती, चारदाती, आणि तोंड भरलं की जुळलेला. मी आणि ताई हे ऐकतच मोठे झालो. तेव्हा अठरा वर्षांचा खेळाडू आला की आम्ही लिहिणार, अदात आहे, एवढ्यात जुंपू नये. चोविशीतला आला की लिहिणार, जुळला आहे, आता तोंडात बघू नका, कामात बघा.

हे मराठीत लिहून मी फोनकडून इंग्रजी करून घेत असे. पहिल्याच वर्षी लीगच्या व्यवस्थापकांचं उत्तर आलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात बसून ते हा सगळा व्याप सांभाळतात, सभ्य माणूस. त्यांनी फार आस्थेनं विचारलं होतं की, खेळाडूंच्या दातांची माहिती या खेळात कुठं दिसते, ती आपल्याला अजून सापडली नाही. दाजी तेव्हा इतके हसले होते की ताई आतून बघायला आली. पुढच्या वर्षीपासून लीगमधले लोक आमच्या आढाव्याची वाट बघायला लागले. दौंडहून दातांचा अहवाल आला का, असं एकमेकांना विचारायचे म्हणे.

आता जोडीचं सांगतो, कारण सगळं त्यावर येऊन थांबलं होतं.

एका वर्षी नव्या पोरांच्या निवडीत आम्ही लागोपाठ दोन घेतली. एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याचं नाव डावरा. दुसरा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागं उकिडवं बसून तो चेंडू झेलणारा. त्याचं नाव बैठा. ताई पलंगावर मेथी निवडत बसली होती. तिला या खेळात काडीचा रस नव्हता, पण घरात पाव्हणे आले की ते कोण, कुठले, हे विचारायची तिची पद्धत.

"हे दोघं कोण नवीन?"

"एक फेकणार," दाजी म्हणाले, "आन् एक त्याचं झेलणार."

"म्हंजी जोडीच की."

"व्हय, तसंच."

"मग फोडू नका," ताई म्हणाली आणि मेथीच्या काड्या घेऊन उठली.

झालं. आम्हा दोघांना हे इतकं रास्त वाटलं की पुढं चर्चाच झाली नाही. आमच्याकडं एका जुवाखाली शिकलेली जोडी कुणी सुटी विकत नाही. बाजारात एखाद्यानं त्यातला एकच मागितला तर त्याला दुसऱ्या दावणीचा रस्ता दाखवतात. डावरा आणि बैठा एकाच दिवशी आले, एकाच पायरीवर जुंपले गेले, तेव्हा त्यांना वेगळं करायचं म्हणजे काय. संगणकाला मात्र जू माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होती, किंबहुना माणसंच नव्हती.

पुढं असं झालं की डावरा सुटला. समोरचे फलंदाज बॅट फिरवायचे आणि चेंडू मागं बैठ्याच्या हातमोज्यात गेलेला असायचा. दुसऱ्याच वर्षी तो मुख्य संघात शोभला असता. बैठा झेलायचा चोख, पण स्वतःची फलंदाजी आली की त्याचा आणि चेंडूचा काही संबंध येत नसे. त्याला वर नेणं शक्य नव्हतं. आणि जोडी फोडायची नाही, म्हणून डावराही खालीच. तीन हंगाम आम्ही आढाव्यात एकच वाक्य लिहिलं: जोडी आहे तिथं ठेवावी. आमचा मुख्य संघ तीनही वर्षं तळाला गेला. व्यवस्थापकांनी विचारलं, हा मुलगा खाली का? आम्ही कळवलं, जोडी आहे. त्यांना वाटलं, यात काहीतरी खोल डाव असणार. तो डाव बघून आणखी दोन संघांनी आपापले पिचर-कॅचर बांधून ठेवले, आणि तेही बुडाले. दौंडात बसून अमेरिकेतल्या बेसबॉलचं एवढं नुकसान दुसऱ्या कुणी केलं नसेल.

ताई आपली अधूनमधून विचारायची, "जोडी कशी हाय?" "बरी हाय," दाजी सांगायचे. त्यापलीकडं कुठला सामना, कुठली धाव, तिनं कधी विचारलं नाही.

मग ती गेली. पोटात दुखायचं निमित्त झालं, पुण्याला नेली, आणि परत आणली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे मला अजून सांगता येत नाही. दाजी तेरा दिवस सगळ्यांना पाणी विचारत फिरत होते. रडताना मी त्यांना बघितलं नाही. त्यांनीही मला बघितलं नसणार. नंतर फोन केला की पलीकडून तीन शब्द यायचे. "हां." "बरं." "ठेवतो." मी इकडून जत्रेतली गंमत सांगायचो, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाची नक्कल करायचो. "हां. बरं. ठेवतो." संगणकाचं मी विचारलं एकदा. "बंद हाय," म्हणाले.

पण लीग काही बंद नव्हती. आपण बघितलं नाही तरी ते सामने होतच राहतात. हंगाम संपला आणि व्यवस्थापकांचं पत्र मला आलं, कारण आढावा लिहिणारा म्हणून माझाही पत्ता त्यांच्याकडं होता. झालेलं त्यांना कळलं होतं, त्याबद्दल दोन नीट ओळी होत्या. खाली लिहिलं होतं की इतके दिवस संघात कुणी काहीच बदल केलेला नाही, आणि रांगेत एक गृहस्थ थांबलेत. रविवारपर्यंत होतकरूंचा आढावा आला तर उत्तम, नाहीतर संघ त्यांना द्यावा लागेल. शिवाय डावऱ्याचं वय आता नियमात आलेलं. यंदा त्याला मुख्य संघात घेतला नाही, तर इतर कुठलाही संघ त्याला उचलून नेऊ शकत होता.

खेळच तो, जाऊ दे, असं मी स्वतःला म्हणून बघितलं. जमलं नाही. बहीण असते तोवर बहिणीचं घर असतं. ती गेली की ते दाजींचं घर होतं. तिथं मेव्हण्यानं दिवाळीला जायचं, जमलं तर संक्रांतीला, मग कुणाच्या लग्नात भेटायचं, बरं आहे का विचारायचं आणि पंगतीत वेगवेगळ्या रांगांना बसायचं. अशी घरं मी पुष्कळ बघितलीत. माझ्या आणि त्या घराच्या मधे आता एवढा एक संघ उरला होता, तोही तळाचा.

मी शिरूरला बसून सगळा आढावा लिहून काढला. लांबटांग्या झाला, घाईवाला झाला, झोपाळू झाला. भाच्याकडून परवलीचा शब्द मागून मीच पाठवून टाकला असता. पण डावरा आणि बैठा यांच्यापाशी आलो आणि हात थांबला. वर घ्या, ठेवा, सोडा, यातलं काहीतरी एक निवडायचं होतं. माईकवाल्यानं बैल हाकायचे नसतात. संघ दाजींचा होता.

म्हणून रविवारी सकाळी निघालो. उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, त्यांच्या मागं मागं. एरवी मी प्रत्येक ट्रॉलीवाल्याशी काहीतरी बोलून घेतो. त्या दिवशी नुसता हॉर्न वाजवत गेलो. भीमेचा पूल ओलांडला, दौंडात शिरलो. पूर्वी पुलावर आलो की माझ्या पोटात भूक लागायची, कारण ताईनं काहीतरी केलेलं असायचं. आज पूल आला आणि गेला.

दाजींनी दार उघडलं. दाढी केलेली होती, शर्ट इस्त्रीचा होता. त्यानं मला उलट जास्त कसंतरी झालं असतं, जर काही होत असतं तर.

"पाव्हणं. या. बसा."

"बसायला नाही आलो. अध्यक्षांना न्यायला आलोय. सभा खोळंबली आहे."

"च्या करू? दूध न्हाई पण."

"मग च्या कशाचा करताय?"

"ते बी खरं हाय," म्हणाले आणि बसले.

संगणकावर टॉवेल टाकलेला होता. मी डबा ओट्यावर ठेवला, तर तिथं कालच्या डब्यातली भाजी तशीच झाकलेली, शेजारच्या कुणी दिलेली असणार. मी पत्राचं सगळं सांगितलं, रांगेतल्या गृहस्थांसकट.

दाजींनी ऐकून घेतलं. "द्या सोडून," म्हणाले. "घेऊ द्या त्या माणसाला. हौस असंल त्याला."

"आणि आपण काय करायचं?"

"तुमाला काय, घाट हाय."

"आणि तुम्हाला?"

"मला काय," म्हणाले.

स्टेशनवरून गाडीची घोषणा ऐकू आली. ती बाई सगळ्या गाड्यांबद्दल सारख्याच आवाजात बोलते, आलेल्या, न आलेल्या. तिचं आणि माझं आता बरंच जुळत होतं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी उठलो, पाण्याचा तांब्या माईकसारखा हातात धरला आणि सुरुवात केली.

"अध्यक्ष महाशय, आणि टॉवेलखाली बसलेल्या सन्माननीय सदस्यांनो. पहिला होतकरू, लांबटांग्या. वय वीस, दात दोन. या हंगामात गड्यानं धावून धावून माती उडवली, पण चेंडू दिसला की बॅट विसरतो. शिफारस, आहे तिथं ठेवावा, गुळपाणी द्यावं."

दाजी भिंतीकडं बघत होते.

"दुसरा, घाईवाला. वय बावीस, चारदाती. गेल्या वर्षीपेक्षा उतरला. कारण एकच, आळस. अध्यक्ष महाशय, हा पोरगा लग्नाच्या वरातीत पुढं नाचतो आणि पंगत वाढायला सापडत नाही, अशातला आहे. शिफारस, सोडून द्यावा."

"त्याचा आळस न्हाई," दाजी म्हणाले.

मी तांब्या खाली घेतला.

"मनगट दुखावलंय त्याचं," ते म्हणाले. "हंगामाच्या मधीच. महिनाभर बसून व्हता. आल्यावर बरा खेळला की."

"तुम्हाला काय माहीत? संगणक बंद होता ना?"

"सकाळचा चालू करतो. जरा बघतो. बंद करतो."

"मग मला फोनवर..."

"उभ्याउभ्याच बघतो," ते म्हणाले, जणू उभ्यानं बघितलेलं धरायचं नसतं.

मग त्यांनी स्वतःच टॉवेल काढला, घडी घातली, खुर्ची ओढली. मी शेजारी स्टूल घेतलं. घाईवाल्याची शिफारस बदलली. झोपाळूचं त्यांनी दोन आकड्यांत आटोपलं आणि मी चार वाक्यांत फुलवलं, जुन्यासारखं. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, दोघं मजेत आहेत. माझ्या तोंडातून उपमा येत होत्या, दाजींच्या तोंडातून आकडे, आणि आम्ही दोघंही त्या खोलीत नसल्यासारखे होतो.

मग पडद्यावर डावरा आला. त्याच्या खाली बैठा.

डावऱ्याचा हंगाम डोळे फिरतील असा झाला होता. दाजींनी सगळे आकडे वाचले, सावकाश, एकही न गाळता. बैठ्याचेही वाचले. ते वाचायला फार वेळ लागला नाही.

"लिहू का?" मी म्हणालो. "जोडी आहे तिथं ठेवावी."

"ठिवली तर डावऱ्याला दुसरं कुणी नेतंय."

"नेऊ द्या. आपण फोडली नाही ना. ताईचा शब्द राहिला."

"त्यानं नेला म्हंजी फुटलीच की."

"मग दोघांनाही वर घ्या."

"त्याला वर घेऊन काय करू? समदं जग हसंल. त्यो बी हसंल." दाजींनी बैठ्याच्या नावावर बोट ठेवलं. "वर घेतलं तरी फुटती, ठिवलं तरी फुटती."

"आणि पाठवलाच नाही आढावा तर?" मी विचारलं. मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"तर त्या माणसाकडं जाईल समदं. त्यो फोडंल."

"पण आपल्याला दिसणार नाही."

"म्हून तर म्हनत व्हतो, द्या सोडून," दाजी म्हणाले.

मी स्टूल पडद्याजवळ सरकवलं. तिथं दोन नावं होती आणि प्रत्येकापुढं तीन चौकोन. बाहेर मालगाडी चालली होती, लांबलचक, संपेचना. दाजी शेवटचा डबा जाईपर्यंत थांबले. तेवढी सवय राहिली होती. मग त्यांनी उंदीर हातात घेतला, आम्ही माऊसला उंदीरच म्हणतो, आणि बाण डावऱ्यासमोर नेला. वर घ्या. बैठ्यासमोर नेला. आहे तिथं ठेवा.

"लिव्हा," म्हणाले.

मी डावऱ्याचं लिहिलं. जुळलेला आहे, घाटावर सोडावा. तेवढं पुरे झालं असतं, पण मी आणखी तीन विशेषणं घातली, आणि दाजींनी त्यातली दोन काढली. मग बैठ्याचं लिहायला घेतलं. "झेलण्यात अद्वितीय, संयमाचा मेरुमणी, फलंदाजीत अजून..."

"खरं लिव्हा."

"फलंदाजी येत नाही."

"हां. आन् झेलतो बरा. हितं बी पोरं हायेत फेकणारी, त्यांचं झेलंल."

तसं लिहिलं. फोनकडून इंग्रजी केलं. दाजींनी एकदा सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं, इंग्रजी वाचताना त्यांचे ओठ हलतात, आणि पाठवायच्या बटणावर बाण ठेवून थांबले. मला वाटलं, आता हे उठणार. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आढावा मिळाल्याची ओळ आली. संघ राहिला.

काही वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. दाजी खुर्चीत मागं टेकले होते, आणि त्यांचे खांदे हलायला लागले होते, आधी बारीक, मग चांगलेच. मला वाटलं ठसका लागला, म्हणून मी तांब्या पुढं केला. तो त्यांनी हातानं बाजूला सारला. तोंडावर हात दाबला होता, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते हसत होते की काय करत होते, मला आजही सांगता येणार नाही. मग हात काढून ते, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, म्हणाले:

"आवो पाव्हणं, तिला ह्या खेळातलं कायबी कळत नव्हतं, आन् आपण दोघं तीन वर्सं नंदीबैलावाणी माना डोलवत ऱ्हायलो."